रिकामं केंद्रक आणि बाहेरचा तपकिरी गोळा: एका अँटिबॉडीला नेमकं काय दिसतं?

सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जूची एक पातळ चकती ठेवलेली आहे. केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. एएलएस या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या आजाराने गेलेल्या माणसाच्या शरीरातली ती आहे. काच हळूहळू सरकवली की मोठाल्या चेतापेशी एकेक करून समोर येतात. काही पेशींचं केंद्रक तपकिरी रंगलेलं दिसतं आणि ते तसंच असायला हवं. मग एक पेशी अशी येते की तिचं केंद्रक फिकट निळं आहे, आत तपकिरी काहीच नाही, आणि केंद्रकाबाहेर पेशीच्या अंगात एक घट्ट तपकिरी गोळा साचलेला आहे.

हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता. जी वस्तू घरात असायला हवी ती घरातून नाहीशी झाली होती आणि अंगणात तिचा ढीग पडला होता.

ती वस्तू म्हणजे टीडीपी-४३ नावाचं प्रथिन. आणि तपकिरी रंग जिथे दिसतो, तिथे ते प्रथिन असल्याची साक्ष एक अँटिबॉडी देत असते. फ्रीजरमधल्या छोट्याशा बाटलीतले काही मायक्रोलिटर थेंब. अँटिबॉडीला शुद्ध मराठीत प्रतिपिंड म्हणतात, पण प्रयोगशाळेत सगळ्यांच्या तोंडी अँटिबॉडीच असते, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. या साक्षीदाराला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे समजलं की आजच्या जीवशास्त्रातला बराच भाग कळायला लागतो.

आधी त्या प्रथिनाची ओळख करून घेऊ. जनुक म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातलं मूळ पान. ते दप्तर, म्हणजे डीएनए, केंद्रकातून बाहेर येत नाही. काम पडलं की त्याचा उतारा काढला जातो, तो आरएनए. उताऱ्यावरून पेशी प्रथिन बनवते. पण पहिल्यांदा निघणारा उतारा कच्चा असतो. त्यात कामाच्या ओळींच्या मधेमधे बिनकामाचा लांबलचक मजकूर असतो. तो कापून कामाच्या ओळी एकमेकींना जोडाव्या लागतात. याला स्प्लायसिंग म्हणतात. कात्री एका अक्षरानेही चुकली तरी पुढचं सगळं वाचन बिघडू शकतं.

टीडीपी-४३ या कापाकापीवर नजर ठेवतं. आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी, सी. जिथे 'यूजी यूजी यूजी' अशी माळ लागलेली असते, तिथे हे प्रथिन जाऊन बसतं. त्याच्या मधल्या भागात आरएनए पकडणारे दोन हात आहेत आणि मागे एक लांब, सैल, चिकट शेपूट आहे. सगळी मिळून ४१४ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, वजन सुमारे ४३ किलोडाल्टन. नावातले ४३ हे या वजनावरून आले आहेत. १९९५ मध्ये एचआयव्हीवर काम करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांना ते सापडलं, विषाणूच्या टीएआर नावाच्या डीएनए तुकड्याला चिकटताना. म्हणून त्याचं बारसं 'टीएआर डीएनए बाइंडिंग प्रोटीन' असं झालं. २००१ मध्ये इटलीतल्या त्रिएस्त इथे बुराती आणि बाराले यांनी ते स्प्लायसिंगमध्ये हात घालतं हे दाखवलं आणि त्याचं खरं कार्यक्षेत्र आरएनए असल्याचं स्पष्ट होत गेलं. नाव मात्र डीएनएचंच राहिलं. नवख्या विद्यार्थ्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता अँटिबॉडी. ग्रामीण महाराष्ट्रात तिची एक ओळख फार जुनी आहे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींपासून बनवतात. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा पुन्हा पुन्हा टोचली की त्याचं शरीर विषाला ओळखून धरणारी प्रथिनं तयार करतं. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक पिढ्यांपूर्वी सुरू केलं. प्रयोगशाळेतल्या अँटिबॉडीमागचं तत्त्व तेच. फक्त घोड्याच्या जागी बहुतेक वेळा ससा किंवा उंदीर असतो आणि विषाच्या जागी आपल्याला शोधायचं असलेलं प्रथिन किंवा त्याचा एखादा तुकडा.

सशाच्या रक्तातून मिळते ती मिश्र फौज. तिच्यातली एक अँटिबॉडी प्रथिनाचा एक कोपरा धरते, दुसरी दुसरा. हिला पॉलिक्लोनल म्हणतात. अडचण अशी की ससा कायमचा नसतो. तो गेला की अगदी तशीच फौज पुन्हा मिळत नाही आणि दुसऱ्या सशाची थोडी वेगळी निघते. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी यावर तोड काढली. अँटिबॉडी बनवणारी उंदराची एक पेशी आणि न थांबता वाढणारी कर्करोगाची एक पेशी त्यांनी जोडली. अशा जोडपेशीची वंशावळ वर्षानुवर्षं एकच अँटिबॉडी बनवत राहते. ही मोनोक्लोनल. या कामाला १९८४ चं नोबेल मिळालं. आता त्याही पुढे जाऊन अँटिबॉडीचा जनुकीय मजकूरच लिहून ठेवतात आणि पेशींकडून हवी तेव्हा ती बनवून घेतात. तिला रिकॉम्बिनंट म्हणतात. माझं मत विचाराल तर पैसे थोडे जास्त गेले तरी हीच घ्यावी, कारण पाच वर्षांनंतरही बाटलीत तीच वस्तू असेल याची खात्री असते.

इथे टीडीपी-४३ च्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग येतो. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून माहीत होतं की एएलएसच्या रुग्णांच्या चेतापेशींत कसले तरी गोळे असतात आणि त्यांच्यावर युबिक्विटिन लागलेलं असतं. युबिक्विटिन म्हणजे 'हे मोडीत काढा' अशी चिठ्ठी. वागणं आणि भाषा बिघडवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या कितीतरी रुग्णांतही असेच चिठ्ठी लावलेले गोळे होते. चिठ्ठी दिसत होती, पण ती कशावर डकवली आहे हे सुमारे दोन दशकं कुणाला सांगता येत नव्हतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजानोव्स्की यांच्या गटाने उलट्या टोकाने सुरुवात केली. सहसा प्रथिन माहीत असतं आणि त्याच्यासाठी अँटिबॉडी बनवतात. त्यांनी डिमेन्शियाने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतला, साबणासारख्या द्रावणातही न विरघळणारा गाळच उंदरांना टोचला. त्या गाळात काय आहे हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. उंदरांच्या शरीराने त्यातलं जे परकं वाटलं त्याच्यावर अँटिबॉडी बनवल्या. मग त्यातल्या कोणत्या अँटिबॉडी रुग्णांच्या मेंदूतल्या गोळ्यांना रंगवतात आणि निरोगी मेंदूतल्या कशालाही रंगवत नाहीत, हे चाळत बसायचं. अशा काही हाती लागल्या. त्या जे प्रथिन पकडत होत्या ते वेगळं काढून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या वजनावरून प्रथिन ओळखणाऱ्या यंत्रात, घातलं, तेव्हा नाव आलं टीडीपी-४३. ऑक्टोबर २००६ मध्ये मानुएला नॉयमान पहिल्या लेखिका असलेला तो शोधनिबंध 'सायन्स' मध्ये आला. त्याच वर्षी जपानमधून तेत्सुआकी अराई, मासातो हासेगावा आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

दोन वेगळे मानले जाणारे आजार, एक स्नायूंचा आणि एक वागण्याचा, एका प्रथिनाने जोडले गेले. आज आपल्याला ठाऊक आहे की एएलएसच्या सुमारे ९७ टक्के आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत टीडीपी-४३ चे गोळे आढळतात. २००८ मध्ये काही कुटुंबांत या प्रथिनाच्याच जनुकात दोष सापडले, बहुतेक त्या चिकट शेपटीच्या भागात. तेव्हा गोळे ही केवळ आजाराची राख असावी, ही शंका बरीच मागे पडली.

आता अँटिबॉडी वापरतात कशी ते पाहू. सर्वांत रुळलेली पद्धत वेस्टर्न ब्लॉट. पेशी फोडून त्यांतली सगळी प्रथिनं एका डिटर्जंटमध्ये उकळतात. त्याने प्रथिनांच्या घड्या मोडतात आणि ती सरळ धाग्यासारखी होतात. मग जेलमधून वीज सोडली की हलकी प्रथिनं खाली पळतात, जड वर रेंगाळतात. जेलवरची ही मांडणी जशीच्या तशी एका कागदासारख्या पडद्यावर उतरवून घेतात. पडदा अर्धा-एक तास दुधाच्या पावडरीच्या पाच टक्के द्रावणात हलत ठेवतात, म्हणजे मोकळ्या जागा दुधातल्या प्रथिनांनी भरून जातात आणि अँटिबॉडी वाटेल तिथे चिकटत नाही. दुकानातली साधी स्किम्ड मिल्क पावडर यासाठी चालते हे ऐकून माझी आई फार खूश झाली होती.

मग आपली अँटिबॉडी, बहुधा हजारात एक भाग पातळ करून, रात्रभर थंडीत. तिला प्रायमरी म्हणतात. ती जाऊन चिकटते, पण ती स्वतः दिसत नाही. म्हणून सकाळी दुसरी अँटिबॉडी घालतात, सेकंडरी. प्रायमरी सशाची असेल तर सेकंडरी ही 'सशाची अँटिबॉडी पकडणारी' बहुतेक वेळा शेळीची. तिच्या शेपटाला एक एन्झाइम बांधलेलं असतं, मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या झाडाच्या मुळातून मिळणारं. योग्य रसायन दिलं की ते एन्झाइम उजेड पाडतं आणि त्या उजेडाच्या टिपलेल्या चित्रात ४३ किलोडाल्टनच्या जागी एक काळी पट्टी उमटते. चकतीवर दिसलेला तपकिरी रंगही अशाच एन्झाइमने काढलेला असतो, फक्त रसायन वेगळं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. अँटिबॉडी नासू नये म्हणून अनेक बाटल्यांत सोडियम अझाइड घातलेलं असतं. अझाइडने हेच एन्झाइम बंद पडतं. प्रायमरी वापरून पडदा नीट धुतला नाही, किंवा सेकंडरीतच अझाइड गेलं, तर पडदा कोराच राहतो आणि प्रथिनच नव्हतं असा समज होतो.

अँटिबॉडीला संपूर्ण प्रथिन दिसत नाही. तिला दिसतो त्याचा एक छोटासा भाग, कधी कधी सलग सात-आठ अमिनो आम्लं. या भागाला एपिटोप म्हणतात. साडी घडी करून ठेवली की काठ दिसतो, आतली बुट्टी दिसत नाही. उलगडली की बुट्टी दिसते, पण घडीमुळे शेजारी आलेले दोन काठ एकमेकांपासून लांब जातात. प्रथिनाचं अगदी तसंच असतं. बुट्टी ओळखणारी अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटमध्ये उत्तम चालेल, कारण तिथे प्रथिन उलगडलेलं आहे, पण जिवंत पेशीतलं घडी घातलेलं प्रथिन तिला सापडणार नाही. दोन काठ एकत्र ओळखणारीचं उलट. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या चकतीत तर घड्या एकमेकींना टाचल्यासारख्या जखडून जातात. त्या सैल करायला काच सायट्रेटच्या पाण्यात उकळावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी त्यासाठी सरळ प्रेशर कुकर वापरतात. म्हणून 'ही अँटिबॉडी चांगली आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या कामासाठी चांगली, हे विचारायलाच हवं.

टीडीपी-४३ च्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा ठरतो. गोळ्यातलं प्रथिन निरोगी प्रथिनासारखं नसतं. त्याच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटलेलं असतं, विशेषतः ४०९ आणि ४१० क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लांवर, म्हणजे ४१४ च्या अगदी टोकाला. शिवाय ते मधेच तुटून सुमारे २५ किलोडाल्टनचे शेपटीकडचे तुकडे होतात. आता तुमची अँटिबॉडी प्रथिनाचं डोकं ओळखणारी असेल तर हे तुकडे तिला दिसणारच नाहीत, कारण त्यांना डोकंच नाही. शेपूट ओळखणारी असेल तर दिसतील. फॉस्फेट लागलेलं टोक तेवढंच ओळखणारी अँटिबॉडी जपानी गटाने २००८ मध्ये मांडली. तिला निरोगी केंद्रक जवळजवळ दिसतच नाही, फक्त गोळे उठून दिसतात. रोगनिदान करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला ती फार सोयीची. पण सुरुवातीला सांगितलेलं रिकामं केंद्रक तिने कधीच कळणार नाही. तिच्यासाठी प्रत्येक केंद्रक रिकामंच. त्यासाठी साधं, बिगर-फॉस्फेट प्रथिनही ओळखणारी अँटिबॉडी लागते. एकाच प्रथिनासाठी दोन बाटल्या का, असं खरेदी विभागाने विचारलं तर हे उत्तर द्यावं.

त्या २५ च्या तुकड्याने मला दोन महिने चकवलं आहे. उंदराच्या मेंदूच्या नमुन्यात ४३ च्या पट्टीखाली २५ ला एक ठसठशीत पट्टी येत होती. आजारातला तुकडा सापडला या आनंदात मी नमुन्यांवर नमुने चालवले. निरोगी उंदरांतही ती आली तेव्हा ती सुरुवातीची अवस्था असेल अशी समजूत करून घेतली. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका ताईने शांतपणे विचारलं, प्रायमरी न घालता पडदा चालवून पाहिलास का? चालवला. पट्टी तशीच होती. माझी सेकंडरी उंदराच्या अँटिबॉडी ओळखणारी होती आणि उंदराच्या मेंदूत रक्ताबरोबर आलेल्या त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी होत्याच. अँटिबॉडीचे तुकडे होतात ते ५० चे आणि २५ चे. मी दोन महिने उंदराची प्रतिकारशक्ती मोजत होतो. ती पट्टी आजही डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून प्रायमरीविना एक पट्टा चालवल्याशिवाय मी कोणत्याही निकालाबद्दल तोंड उघडत नाही.

माझी चूक एका ताईच्या एका प्रश्नाने सुटली. पण हीच गोष्ट छापून आलेल्या निबंधांतही घडते आणि तिथे ती वर्षानुवर्षं टिकते. एएलएसशीच जोडलेल्या सी-नाइन-ऑर्फ-७२ या जनुकाच्या प्रथिनासाठी बाजारात मिळणाऱ्या १६ अँटिबॉडी मॉन्ट्रिऑलच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एकाच कसोटीवर लावल्या. कसोटी सोपी होती. जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारी ठेवायच्या. प्रथिनच नाही तिथेही पट्टी आली तर अँटिबॉडी दुसरंच काही पकडते आहे. मोजक्याच अँटिबॉडी या कसोटीला उतरल्या. पुढे २०२३ मध्ये त्याच प्रयत्नातून ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडींची तपासणी प्रसिद्ध झाली. विकणाऱ्या कंपन्याही त्यात सामील होत्या. निकाल पाहून त्यांनी काही बाटल्या विक्रीतून काढल्या आणि अनेकींच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. रिकॉम्बिनंट अँटिबॉडी सरासरीने वरचढ ठरल्या. हे काम दिसायला रुक्ष आहे, पण गेल्या काही वर्षांत जीवशास्त्रावर झालेल्या मोठ्या उपकारांपैकी एक मी त्याला मानतो. ज्या विद्यार्थ्याला वर्षाला मोजक्याच बाटल्या घेता येतात, त्याची पूर्ण शिष्यवृत्ती एका खोट्या पट्टीमागे वाया जाऊ शकते.

टीडीपी-४३ साठी मात्र ही सोपी कसोटी तेवढी सोपी राहत नाही. हे प्रथिन पूर्णपणे काढलं तर उंदराचा गर्भ अगदी सुरुवातीलाच दगावतो. बहुतेक पेशींनाही त्याच्याविना फार काळ तग धरता येत नाही. म्हणून ते काढून टाकण्याऐवजी कमी करतात. त्याच्या आरएनएवर नेम धरणारे छोटे तुकडे पेशीत सोडले की दोन-तीन दिवसांत प्रथिन घटतं. ४३ ची पट्टी त्या प्रमाणात फिकी झाली तर अँटिबॉडीवर विश्वास टाकता येतो. शेजारी ॲक्टिनसारख्या दुसऱ्या प्रथिनाची पट्टी तेवढीच गडद राहिली पाहिजे, नाहीतर नमुनाच कमी भरला गेला असेल. आणखी एक गुंता असा की टीडीपी-४३ स्वतःच्या आरएनएवरही बसतं आणि प्रमाण वाढलं की स्वतःचंच उत्पादन आवरतं. त्यामुळे पेशीत ते बाहेरून जास्त घातलं तर पेशीचं स्वतःचं कमी होतं. एकाच पडद्यावरच्या दोन पट्ट्या, एक बाहेरून घातलेल्याची आणि एक पेशीच्या स्वतःच्या प्रथिनाची, मग दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

चांगली अँटिबॉडी हाती असेल तर प्रथिन शोधण्यापलीकडचंही काम होतं. पेशींवर अतिनील प्रकाश टाकला की प्रथिन ज्या आरएनएवर बसलेलं असतं त्याला तिथेच जखडून जातं. मग अँटिबॉडीने प्रथिन बाहेर ओढायचं, त्याच्याबरोबर आरएनए आपोआप येतो, आणि तो वाचायचा. ही युक्ती २००३ मध्ये रॉबर्ट डार्नेल यांच्या प्रयोगशाळेत येर्नेय उले आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका आरएनए-प्रथिनासाठी मांडली. २०११ मध्ये टीडीपी-४३ वर ती वापरली तेव्हा एकट्या उंदराच्या मेंदूतच सहा हजारांहून जास्त जनुकांच्या उताऱ्यांवर ते बसलेलं आढळलं. एका प्रथिनाची गैरहजेरी पेशीला एवढी महाग का पडते, हे त्या आकड्यावरून कळतं.

२०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फिलिप वाँग यांच्या गटाने दाखवलं की टीडीपी-४३ केंद्रकातून गेलं की बिनकामाच्या मजकुरातले काही तुकडे पक्क्या उताऱ्यात शिरतात. बहुतेक वेळा असा उतारा वाया जातो. पण क्वचित तो वाचला जातो आणि निरोगी शरीरात एरवी नसलेला एक तुकडा जोडलेलं प्रथिन तयार होतं. एचडीजीएफएल-२ नावाच्या प्रथिनात असं घडतं. त्याच गटाने या उपऱ्या तुकड्यावर मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवली. ती टीडीपी-४३ ला पाहतच नाही. तिला दिसतो तो टीडीपी-४३ जागेवर नसताना आत घुसलेला मजकूर. मेंदूची चकती जिवंत माणसाकडून मागता येत नाही, पण पाठीच्या मणक्यातून सुईने काढतात ते पाणी मागता येतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात हा तुकडा त्या पाण्यात सापडला, आणि सापडलेल्यांत सी-नाइन-ऑर्फ-७२ चा दोष वारशाने मिळालेली, पण आजाराचं एकही लक्षण अजून न दिसणारी माणसंही होती.